तीन तास ट्रेंडमध्ये होतो, तरी पडलो – मग हॅशटॅग नेमकं करतो काय?

भांडुपच्या एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलंय, आधी त्याचाच प्रश्न देते. "ताई, पालिका निवडणुकीत आमच्या उमेदवाराचा हॅशटॅग मतदानाच्या चार दिवस आधी मुंबईत दुसऱ्या नंबरला होता, जवळजवळ तीन तास. आम्ही पोरांनी रात्ररात्र जागून केलं. तरी पडलो, आणि समोरच्याचं तर ट्विटरवर धड अकाउंटपण नाही. मग हॅशटॅगने राजकारण फिरतं म्हणतात ते खोटं का?"

खोटं नाही रे, पण जे फिरतं ते मत नव्हे आणि तुमचा सगळा हिशोब तिथेच चुकला. मी आधी पाच वर्षं एका न्यूज चॅनलच्या डिजिटल डेस्कवर होते, त्यानंतर मुंबईतल्या उमेदवारांची सोशल मीडियाची कामं केली, वेगवेगळ्या पक्षांची, त्यामुळे हॅशटॅग बनवणारी बाजू आणि तो बातमीत घेणारी बाजू अशा दोन्ही खुर्च्यांवर बसून झालंय. (आता त्याला एक्स म्हणतात, पण इथे मी ट्विटरच म्हणते, तोंडात तेच बसलंय.)

पहिल्यांदा तुझ्या दुसऱ्या नंबरचं बघू. ट्रेंड म्हणजे सगळ्यात जास्त बोलला गेलेला विषय असं सगळे धरून चालतात, तसं ते नसतं. एखादा शब्द नेहमीपेक्षा किती अचानक वाढला हे ते मशीन बघतं. रोज सकाळ-संध्याकाळ वापरला जाणारा शब्द वर येत नाही आणि काल अस्तित्वातच नसलेला शब्द आज अर्ध्या तासात काही हजार वेळा पडला की वर येतो, म्हणूनच प्रत्येक वेळी नवा हॅशटॅग काढतात आणि म्हणूनच तुम्हाला वरून मेसेज येतो की दिलेल्या वेळेआधी कोणीही टाकू नका. आता आकडे बघ. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या साधारण सव्वा कोटी, प्रभाग २२७, म्हणजे एका प्रभागाला सरासरी पंचावन्न हजार माणसं, त्यात लहान मुलं आली, मतदानाला न जाणारेही आले. तुमचा हॅशटॅग टाकणाऱ्यांपैकी तुमच्या प्रभागातल्या मतदारयादीत नाव असलेले किती होते? मनातल्या मनात खरं उत्तर दे. तुमच्या पक्षाची पुण्या-नाशिकची पोरं, दोन-चार पेड हँडल्स आणि तुम्ही स्वतः. समोरच्याकडे अकाउंट नव्हतं म्हणतोस, पण त्याच्याकडे गटप्रमुख होते ना, आणि कुठल्या खोलीतलं पोरगं दुबईला गेलंय, कुठल्या म्हातारीला रिक्षा लागेल हे त्यांना पाठ होतं.

बाहेरच्यांना ट्रेंड कसा करतात ते माहीत नसतं म्हणून एक दिवस सांगते. दादरला एका दुकानाच्या वरच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं, सोळा पोरं-पोरी, भिंतीला लागून एक्स्टेंशन बोर्डची रांग आणि त्यात खोचलेले तीसेक फोन. गूगल शीटमध्ये १८० तयार वाक्यं लिहिलेली, पहिल्या रकान्यात मराठी, दुसऱ्यात हिंदी, तिसऱ्यात इंग्रजी. बरोबर अकराला सुरू करायचं, प्रत्येकाने आपल्या वाट्याची ओळ उचलायची, कॉपी, पेस्ट, पुढची ओळ. एका ओळीत 'विकास'चा काना सुटलेला, 'विकस'. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते कळलं तोवर सत्तरेक अकाउंटवर तोच 'विकस' जाऊन बसला होता, दुपारी समोरच्यांनी सगळ्यांचे स्क्रीनशॉट एकाखाली एक लावून फिरवले. ज्या मुलीने ती शीट भरली ती रडायला लागली, मी तिला म्हटलं तुझी चूक नाही, सत्तर अकाउंटवरून वाक्य न वाचता टाकलं गेलं ही खरी गोष्ट आहे.

आणि हे काही आमच्याच ऑफिसात होत नव्हतं. २०१९ च्या लोकसभेच्या आधी संशोधकांच्या एका टीमने भाजपसमर्थक सहाशेच्या वर व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये शिरून बघितलं तर त्यांना अशा ७५ हॅशटॅग मोहिमा सापडल्या, त्याच पद्धतीच्या, आधी मेसेज, मग तयार ट्वीट्सची यादी, मग ठरलेली वेळ. त्याच वर्षी फेब्रुवारीत फॅक्टचेक करणाऱ्या प्रतीक सिन्हा यांनी अशाच एका उघड्या गूगल डॉकमधली वाक्यं गुपचूप बदलली आणि थोड्याच वेळात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री पोन राधाकृष्णन यांच्या हँडलवरून, मध्यमवर्गासाठी काम करणं सरकारच्या प्राधान्यात शेवटी आहे, अशा अर्थाचं ट्वीट पडलं. म्हणजे मंत्र्यांच्या अकाउंटवरही न वाचताच पेस्ट चाललं होतं. दुसरी बाजू धुतल्या तांदळाची होती असं नाही, १ एप्रिल २०१९ ला फेसबुकने काँग्रेसच्या आयटी सेलशी संबंधित लोकांची ६८७ पेजेस आणि अकाउंट्स काढून टाकली होती. तुर्कस्तानात तर याहून पुढे गेलेत, तिथे बॉट अकाउंट्स एकदम ट्वीट करतात आणि काही सेकंदांत डिलीट करतात, ट्रेंडचं मशीन डिलीट झालेलं वजा करत नव्हतं, आणि २०२१ च्या एका अभ्यासात तिथल्या रोजच्या पहिल्या पाच ट्रेंडपैकी ४७ टक्के असे बनावट निघाले.

आता तू म्हणशील मग याचा उपयोग काय. उपयोग आहे, फक्त तो मतदाराच्या फोनमध्ये नाही, न्यूजरूममध्ये आहे, आणि हे मला कोणी शिकवायला नको कारण मी स्वतः ते केलंय. संध्याकाळी साडेचार, सहाच्या बुलेटिनचा रनडाऊन, म्हणजे बातम्यांची क्रमवार यादी, भरायचा असतो, एक जागा रिकामी असते. डेस्कवरून आवाज येतो, ट्विटरवर काय चाललंय बघ. मी ट्रेंड बघणार, त्यातली चार जहाल ट्वीट्स उचलणार, वर मथळा देणार 'नेटकरी संतापले'. रिपोर्टरला फोन जातो, अमुक नेत्याचा यावर बाइट घे. त्या नेत्याला तोवर यातलं काही माहीतच नसतं, पण चॅनलचा माइक समोर आला की तो बोलतो, आणि तो बोलला की मग ती खरीच बातमी होते कारण आता नेता बोललाय. रात्री नऊला त्यावर चार खिडक्यांची चर्चा, सकाळी पेपरात दोन कॉलम, दहा वाजता चाळीच्या नाक्यावर माणसं त्याच विषयावर भांडतायत. त्यातल्या एकानेही तो हॅशटॅग कधी बघितलेला नसतो. सोळा पोरांनी सकाळी पेरलेला शब्द दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी असतो, आणि 'नेटकरी' कोण होते हे विचारायची फुरसत माझ्यासकट त्या साखळीतल्या कोणालाच नसते. मला आजही त्या 'नेटकरी संतापले'चं वाईट वाटतं, मी ते कितीतरी वेळा लिहिलंय.

म्हणजे हॅशटॅग काय करतो, तर भांडण कुठल्या शब्दावर होणार ते ठरवतो. शब्द ज्याचा, मैदान त्याचं. २०१९ चं बघ. राहुल गांधी राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरून 'चौकीदार चोर है' म्हणत होते, गाजतही होतं. १६ मार्चला मोदींनी #मैंभीचौकीदार काढलं, दुसऱ्या दिवशी ट्विटरवर स्वतःच्या नावापुढे चौकीदार लावलं, मंत्र्यांनी लावलं, मग गल्लीतल्या कार्यकर्त्याने लावलं. तिथपासून दोन महिने भांडण विमानाच्या किमतीवरून उतरून चौकीदार कोण आणि कोण नाही यावर आलं, २३ मेला निकालाच्या दिवशी त्यांनी ते नावापुढून काढलं. मार्च २०२४ मध्ये पुन्हा तेच, लालूप्रसाद पाटण्याच्या सभेत मोदींना कुटुंब नाही अशा अर्थाचं बोलले, दुसऱ्याच दिवशी सगळ्यांच्या नावांमागे 'मोदी का परिवार'. समोरच्याने फेकलेला दगड उचलून आपल्या घराच्या पायात घालायचा ही कला आहे, त्यांचं राजकारण पटो न पटो, ती मान्य करायला लागते.

आणि याची उलटी चूक मी स्वतः करून बसलेय. उपनगरातली एक विधानसभा, आमचा उमेदवार नवा, समोरचा दोनदा निवडून आलेला. आम्ही समोरच्याच्या नावाचाच हॅशटॅग केला, त्याचं आडनाव आणि पुढे 'हटाव'. जोरात चालला. चौथ्या दिवशी मी चौकसभेला गर्दीत मागे उभी होते, शेजारच्या दोन बायका बोलत होत्या, एकीने विचारलं हा कोण उभा आहे, तर दुसरीला आमच्या उमेदवाराचं नाव आठवेना, ती म्हणाली 'तोच, तो अमक्याला हटवायला आलाय ना, तो.' चार दिवस आमच्या पैशाने आम्ही त्याचं आडनाव घराघरात पोचवलं होतं. तेव्हापासून समोरच्याचं नाव हॅशटॅगमध्ये घालायला मी कधीच हो म्हणत नाही.

मुंबईत हॅशटॅगची ताकद आणि मर्यादा दोन्ही एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर गोरेगावच्या आरे जंगलाचं बघ. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार, हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. तो हॅशटॅग कोणी शीटमध्ये लिहिलेला नव्हता. करवतीच्या आवाजाचे अंधारातले व्हिडिओ यायला लागले, काही दिसत नव्हतं नुसता आवाज, आणि #सेव्हआरे बघून गोरेगाव, पवई, अंधेरीतून पोरं रात्री तिकडे निघाली, म्हणजे त्या रात्री हॅशटॅगने अक्षरशः माणसं हलवली, कुठल्या गेटवर अडवतायत, कुठून आत जाता येतंय हे लोक एकमेकांना त्यातूनच सांगत होते. जमावबंदी लागली, २९ जणांना अटक झाली, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं आणि ७ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने आणखी तोड थांबवली. तोपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. मतदान होतं २१ ला, म्हणजे अडीच आठवड्यांवर. त्या दिवसांत माझी टाइमलाइन बघून कोणीही पैजेवर सांगितलं असतं की मुंबईत सत्ताधाऱ्यांना फटका बसणार. निकाल काय लागला? मुंबईतल्या ३६ पैकी ३० जागा भाजप-शिवसेना युतीला, आणि मतदान जेमतेम पन्नास टक्क्यांच्या आसपास.

म्हणून आरेचा हॅशटॅग वाया गेला का? माझं मत, अजिबात नाही. निवडणुकीआधी कारशेड हा इंजिनिअरांचा विषय होता, नंतर तो राजकीय शब्द झाला. युतीत असूनही शिवसेनेला झाडांच्या बाजूने बोलावं लागलं, महिन्याभरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि पहिल्या काही निर्णयांत कारशेडचं काम थांबवलं, मग शेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं, मग २०२२ ला सरकार बदललं आणि शेड परत आरेला. शेवटी कारशेड तिथेच झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून बीकेसीपर्यंत (वांद्रे-कुर्ला संकुल) भुयारी मेट्रो सुरूसुद्धा झाली, मीही तिने जाते. पण आता या शहरात कुठे पन्नास झाडांवर नोटिसा लागल्या तरी लोक जाऊन त्या वाचतात, फोटो काढतात, हरकती नोंदवतात. हे त्या रात्रीचं देणं आहे असं मी मनापासून मानते. मतपेटीत त्याचा आकडा शोधायला गेलं तर सापडणार नाही.

तसंच 'लाव रे तो व्हिडिओ'. २०१९ च्या लोकसभेला राज ठाकरेंच्या मोदींविरोधातल्या सभांनी महाराष्ट्राची सगळी चर्चा खाऊन टाकली, ते वाक्य लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा ऐकू यायचं, मनसेने एकही जागा लढवली नव्हती आणि ४८ पैकी ४१ जागा युतीला गेल्या. चर्चा एकाने जिंकली, निवडणूक दुसऱ्याने.

'पन्नास खोके, एकदम ओके' मला जास्त शिकवून गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी शिंदेंबरोबर फुटलेल्यांना पैसे घेतल्याचा टोमणा म्हणून ते आधी तोंडाने म्हटलं, हॅशटॅग मागून आला, आणि माझा अनुभव असा की टिकणारे हॅशटॅग नेहमी असेच येतात, आधी माणसाच्या तोंडात मग फोनमध्ये. यमक आहे, टाळी देता येते, गणपतीच्या मंडपात पोरं म्हणू शकतात. लोकसभेला २०२४ मध्ये महाविकास आघाडीला ३० जागा आल्या तेव्हा सगळे म्हणाले बघा, खोके चाललं. सहा महिन्यांत विधानसभा, तोच शब्द, तीच माणसं, आणि भाजप १३२, शिंदेंची सेना ५७, अजित पवार ४१, म्हणजे तिघे मिळूनच २३०. मधे काय झालं याची कारणं बरीच आहेत, पण एक मी डोळ्यांनी बघितलं. विक्रोळीला एका घरी बसले होते, बाईंच्या फोनवर बँकेचा मेसेज होता, लाडकी बहीण योजनेचे १,५०० जमा. त्यांनी तो डिलीट केलेला नव्हता, मला उघडून दाखवला, मग शेजारणीला हाक मारून तिचाही दाखवायला लावला. त्या घरात खोके हा शब्द हसून म्हटला जात होता, राग त्यात उरलेला नव्हता. महिन्याला फोनवर येणाऱ्या त्या एका ओळीपुढे कुठलाच हॅशटॅग टिकला नसता.

आता जे मला मनापासून टोचतं ते लिहिते, आणि ते तुझ्याच भांडुपचं आहे. मुंबईच्या मोठ्या भागाला जाणारं पाणी भांडुप कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होतं, आणि त्याच भांडुपच्या डोंगरावरच्या वस्त्यांत बाया पहाटे उठून हंडे लावतात, वरच्या गल्लीत प्रेशर पोचत नाही म्हणून पाइप टाकून खालून पाणी ओढतात. हा विषय निवडणुकीत कधी ट्रेंड झालाय? होऊच शकत नाही, कारण प्रत्येक गल्लीची अडचण वेगळी, कुठे पाइप जुना, कुठे पंप बंद, कुठे खालच्यांनी पाणी ओढणारा बूस्टर पंप लावलाय, त्याला एक खलनायक नाही, एक आडनाव नाही, यमक जुळत नाही. एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनाचं) रखडलेलं भाडं, बेस्टचा बंद झालेला रूट, पालिकेच्या दवाखान्यात नसलेला डॉक्टर, सगळं तसंच. हॅशटॅगला ज्याचं दोन शब्दांत भांडण होतं तेच लागतं, बाकीचं वगळलं जातं, आणि ज्या पालिका निवडणुकीत नळावर बोलायचं तिथेही आपण दिल्लीने दिलेल्या शब्दांवर भांडत बसतो. तुमच्या त्या हॅशटॅगमध्ये पाणी होतं का रे? मी शोधून बघितला, उमेदवाराचं नाव आणि 'पर्व' असं काहीतरी होतं. कसलं पर्व ते डोंगरावरच्या बाईला कसं कळणार?

स्पेलिंगचं एक सांगून ठेवते, छोटंसं आहे पण आपल्याकडे फार नुकसान करतं. मराठी शब्द रोमनमध्ये लिहिला की दहा जण दहा प्रकारे लिहितात, 'लाडकी'त डी नंतर ए घालायचा की नाही इथपासून, आणि मशीनला ते दहा वेगळे हॅशटॅग वाटतात, जोर वाटला जातो. देवनागरीत टाका, पण त्यातही 'बहीण' आणि 'बहिण' दोन होतात. आधी एक ठरवा आणि मग पोरांना द्या.

नियमांचं थोडक्यात. लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच सांगितलंय की उमेदवाराने प्रतिज्ञापत्रात सोशल मीडिया अकाउंट्स द्यायची, तिथल्या राजकीय जाहिराती आधी मंजूर करून घ्यायच्या आणि टीमचा पगार धरून खर्च दाखवायचा. कागदावर चांगलं आहे. पण 'समर्थक' म्हणून चालवलेलं हँडल कोणाच्या खर्चात धरायचं? मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत भोंगे बंद होतात, ट्रेंड चालूच राहतो.

तर तुझ्या त्या तीन तासांचं असं कर. पहिल्या तासातली ट्वीट्स काढ, शब्दाला शब्द तीच असलेली वाक्यं बाजूला टाक. उरलेल्यांत वेगवेगळी माणसं किती ते मोज, दोन-तीन महिन्यांपूर्वी उघडलेली अकाउंट्स वगळ, समोरच्यांनी शिव्या घालायला वापरलेला हॅशटॅगही तुमच्याच आकड्यात आलेला असतो, तोही काढ. मग जे राहील त्यात भांडुपची माणसं किती, आणि त्यांतल्या एखाद्याने तुमच्या यादीत नसलेलं, स्वतःचं असं काही लिहिलंय का ते बघ. असं एक जरी ट्वीट सापडलं तर ते मला पाठव, आणि ज्याने लिहिलंय त्याला आधी जाऊन भेट.